एका शब्दावर दोन ओझी

खोली पाहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरमालकीण आपानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. रजयांच्या ढिगाऱ्यापलीकडून नुसता आवाज आला, "तुझी जोडी कोण?"

मला वाटलं, लग्न झालं का म्हणून विचारते. मी म्हटलं, "लग्न झालं आहे जी. मालक जिनिंगमध्ये फिटर आहेत."

"नवऱ्याचं नाही विचारून राह्यली मी. नवरा म्हणजे शेजार. जोडी कोण?"

मी घाबरले. कोणी एकच गोष्ट दोनदा विचारली की माझंच काहीतरी चुकलं असं मला वाटतं. सातवीत शाळा सुटली ती घरच्या अडचणीनं, पण मनातून बरंच वाटलं होतं, की आता उभं करून कोणी विचारणार नाही. आणि इथं दिग्रसला पहिल्याच दारात पुन्हा परीक्षा.

"जोडी नाही जी," मी म्हटलं.

ढिगाऱ्यावरून एक चष्मा वर आला. त्याची एक दांडी रजईच्या लाल दोऱ्यानं बांधलेली होती. "मंग तुले वाचावं कसं?" आपा स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "बरं, राह्य. सापडेल."

अशी मला ती खोली मिळाली.

आता मी तिरुपूरला आहे. बनियनच्या कंपनीत चेकिंगला. शिवण उलटी करून पाहायची, सुलटी करून पाहायची, धागा सुटला असेल तर बाजूला टाकायचं. आजूबाजूला सगळं तमिळ. कामापुरतं मला येतं; रागावलेलं कळतं, गंमत केलेली कळत नाही. सगळ्या जणी हसतात तेव्हा मी जरा उशिरा हसते. अशा वेळी मला आपा आठवते. मी लिहिणारी बाई नाही. दोन ओळींपलीकडे लिहायची मला सवय नाही, आणि त्या दोन ओळीही तिनंच शिकवलेल्या. चुकलं तर समजून घ्यावं.

आपाच्या नवऱ्याचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. तो गेल्यावर पिंजायचं मशीन तिनं विकून टाकलं आणि नुसतं टाके घालायचं काम ठेवलं. दुकानाच्या दाराला फुलाफुलाचा पडदा. गिऱ्हाईक पडद्याबाहेर, आपा आत. तिच्या नात्यातल्या बाकी बाया उघड्या तोंडानं बाजार करायच्या, म्हणून मी एकदा विचारलं, "आपा, तुम्ही पडदा पाळता का?"

"पाळत नाही. आवडते मले," ती म्हणाली. "पडद्याआडून माणसाचा आवाज आधी येते, तोंड मागून येते. तोंड आधी आलं की माणूस आवाजाकडं ध्यानच देत नाही."

भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, कुठंतरी कापसाचं पुंजकं कायम चिकटलेलं. मी तिच्याकडं रजईची खोळ शिवायला लागले तशी मीही तशीच दिसायला लागले. आणि दिवसभर तिचं जोड्यांचं चालायचं. बसस्टँडसमोर दोन आलुबोंडेवाले होते. एकाची चटणी चांगली, दुसऱ्याची जबान चांगली. आपा म्हणायची, "एकट्याले पाहून कोणताच समजत नाही. याच्या बाजूले त्याले ठेवून पाह्य. हा चिडका काहून? तर तो गोड बोलते म्हणून. तो गोड काहून? तर त्याची चटणी पाणचट आहे म्हणून." डॉक्टरची जोडी कंपाउंडर. कंडक्टरची ड्रायव्हर. घरमालकिणीची कोण, असं मी एकदा धिटाईनं विचारलं तर म्हणाली, "भाडेकरीण. पण तू अजून कच्ची आहे."

कच्ची म्हणजे मला दोन ओळी जमत नव्हत्या. हा त्या घरातला कायदा होता. काही पाहिजे असेल, सांगायचं असेल, तक्रार असेल, तर तोंडानं बोलायचं नाही. दोन ओळी लिहायच्या, शेवट जुळवायचा, चिठ्ठीची बारीक घडी करून ती एखाद्या झाडाच्या डहाळीला बांधायची आणि पडद्याच्या कडीत अडकवायची. आपा तिचा जवाब दोन ओळींतच देणार. जवाबात समोरच्याचा एक तरी शब्द उचललेला पाहिजे, नाही तर ती चिठ्ठी वाचलीच नाही असं धरायचं. आणि डहाळीचं पान सुकायच्या आत जवाब गेला पाहिजे. उन्हाळ्यात दिग्रसला पान किती वेळ टिकतं ते तुम्हीच समजा.

माझी पहिली चिठ्ठी मला अजून पाठ आहे. ती लिहायला मला दोन दिवस लागले आणि निंबाच्या तीन डहाळ्या सुकून गेल्या.

न्हाणीत लई अंधार आहे, आपा, मले भेव वाटते;
बल्ब लावून द्या, नाही तर मी अंगणात हातपाय धुते.

तासाभरात बोरीच्या काटेरी डहाळीला बांधून जवाब आला. कागद पतंगाचा, जांभळा. कूलरमधल्या जुन्या वाळ्यात आपा ते कागद दाबून ठेवायची, म्हणून त्याला ओल्या मातीसारखा वास.

अंधाराले कायले भेतं, पोरी, तो तर स्वतःच आंधळा;
बल्ब आणून ठेवला आहे, पण सापडून नाही राह्यला.

बल्ब सापडला नाही. नवा आणला तेव्हा होल्डर तुटला. पण ती चिठ्ठी मी पोलक्यात ठेवून दिवसभर फिरले. मला लिहून आलेलं ते आयुष्यातलं पहिलं काही होतं, जे मी लिहिल्यामुळं आलं होतं.

मालकांना हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. "घरमालकीण आहे की शाळा?" ते म्हणायचे. पण त्यांच्याही एका चिठ्ठीला सागाचं सुपाएवढं पान बांधून जवाब आला होता आणि तो त्यांनी जिनिंगमध्ये सगळ्यांना दाखवला होता, हे मला मागून कळलं.

हे कुठून आलं, ते आपानं मला हळूहळू सांगितलं. खोळ शिवता शिवता, सुई तोंडात धरून, त्यामुळं निम्मं मला दोनदा विचारावं लागलं.

पलीकडच्या आळीत एक बाई राहायच्या. हायस्कूलच्या ऑफिसात कारकून. त्यांच्या घरी वडिलांपासून सगळे ऑफिसातलेच. सारं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणते. शाळेचं पुस्तकांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं. एकदा शाळेनं जपानी पद्धतीच्या भातशेतीवरचं पुस्तक मागवलं. आमच्या भागात भात कोण लावतं ते विचारू नका; वरून यादी आली होती, मागवलं. गठ्ठा सोडला तर त्यात जपानचं एक जाडजूड पुस्तक निघालं, पण भाताचं नव्हतं. हेडमास्तरांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, याच्यात तर सारे कविताच करून राह्यले. ठेवा कोपऱ्यात." कोपऱ्यात वाळवी होती. पुस्तकाचं नाव, लिहिणारीचं नाव, पहिली गोष्ट, सगळं वाळवीनं खाल्लं. उरलेलं बाईंनी झटकून पिशवीत घातलं.

त्याच पिशवीसकट त्या आपाकडं रजई करायला टाकायला आल्या. बसल्या बसल्या वाचत होत्या. आपानं पडद्याआडून विचारलं, "काय लिहिलं आहे जी?" पुस्तक हिंदीत होतं. बाईंनी मोठ्यानं वाचलं. ती रजई एरवी चार दिवसांत व्हायची, ती सव्वा महिना चालली. बाई रोज विचारायच्या, "झाली का हो?" आणि आपा म्हणायची, "बस, एक कोपरा राह्यला."

हजार वर्षांपूर्वीच्या राजदरबारातल्या गोष्टी होत्या त्या. बाया पडद्याआड, बांबूच्या चिकाआड बसलेल्या. बाहेरून नुसती बाहीची कड दिसायची. पुरुष दोन ओळी लिहून पाठवायचा, कागद कोणता, रंग कोणता, कोणत्या झाडाला बांधला, अक्षर कसं, यावरून आतली बाई ओळखायची की हा माणूस कसा आहे. तिनं जवाबात त्याचंच फूल, त्याचाच शब्द उचलायचा आणि जरासा फिरवून परत करायचा. जवाबाला उशीर झाला की संपलं. आणि त्यात कोणी एकटं नव्हतंच. एक मित्र की बाजूला दुसरा, एक बहीण की दुसरी. दोघी एकीच्या शेजारी एक ठेवल्या की मगच कळायच्या. लढाई नाही, खून नाही. आपा म्हणायची, "एवढं जाड पुस्तक, पण आतमध्ये झालं काय? तर चिठ्ठी गेली, चिठ्ठी आली."

दोघींनी ते सुरू केलं. एका आळीतून दुसऱ्या आळीत. आपा तोवर उर्दू आणि कामापुरती हिंदी लिहायची; मराठी लिहायला ती बाईंसाठी शिकली. शब्द खेळवायचं बाईंकडून आलं. त्या म्हणायच्या, एका शब्दावर दोन ओझी दिली पाहिजेत, तरच तो सरळ चालतो. त्यांची एक चिठ्ठी आपानं मला वाचून दाखवली होती.

रजईचा टाका संपला की, आपा, तुम्ही गाठ मारता;
आपली गाठ कधी पडायची, की नुसताच दोरा ओढता?

आणि आपाचा जवाब:

गाठ मारली की दोरा संपते, म्हणून मी मारत नाही;
या तुम्ही, चहा ठेवला आहे, आज सुई धरत नाही.

मी म्हटलं, "आपा, रोज तर भेटत होत्या तुम्ही."

"रोज भेटणाऱ्यालेच बोलवावं लागते, बेटा. कधीमधी येणारे येतेच."

मग ते कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंगचा सीझन अर्ध्यात बंद पडायला लागला. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, दवाखान्याच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं एकच शब्द: भाव. भाव पडला, भाव थांबला, उद्याचा भाव काय. बाईंचा धाकटा भाऊ खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. कापूस हातात घेऊन, तोडून पाहून, त्याची प्रत ठरवायची. तो अविवाहित, बाईंजवळच राहायचा. गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत लागायच्या आणि शिव्या मात्र सगळ्या त्याला. भाव तो ठरवत नव्हता, पण समोर तोच दिसायचा. एक दिवस दुपारी त्यानं टेबलावर चष्म्याचं घर ठेवलं, चप्पल घातली, आणि तो गेला. गेला म्हणजे गेलाच. नदीनाले पाहिले, नातेवाईक पाहिले. कुठं नाही, आणि काही झालं असंही नाही.

त्यानंतर बाईंना गावात जगणं कठीण झालं. वाईट कोणी बोलत नव्हतं. सगळे आपुलकीनंच विचारायचे. दूधवाला, शाळेतले, देवळातले, "बाई, भावाचं काय झालं?" सकाळी विचारणारा संध्याकाळी पुन्हा विचारायचा, जणू मधल्या वेळात तो येऊन जेवून गेला. शेवटी बाई यवतमाळला मुलाकडं राहायला गेल्या.

मी राहायला गेले तेव्हा चिठ्ठ्या एस.टी.नं जात होत्या. ठरलेला एक कंडक्टर होता. आपा फुलाफुलाच्या पडद्यातून डहाळी बाहेर करायची, मी ती स्टँडवर नेऊन द्यायची. तो रोज विचारायचा, "या फांदीचं हाफ तिकीट फाडू का फुल?" पण तिकिटांच्या पेटीवर ती जपून आडवी ठेवायचा, आणि परतीच्या गाडीनं जवाब घेऊन यायचा. फोन होता, समोरच बूथ होता. आपा म्हणायची, "फोनच्या वायरले पान बांधता येते का?"

मग एका थंडीत जवाब यायचं थांबलं.

मी तेव्हा आठ दिवस माहेरी, आर्णीकडं गेलते. परत आले तर आपा चिडलेली. "कंडक्टरनं पाडली असेल," म्हणाली. कंडक्टरनं पडद्यासमोर येऊन पोराची शपथ घेतली की त्यानं स्वतः बाईंच्या हातात दिली. "पाहुणे असतील." "डोळ्याचं ऑपरेशन असेल." असं करता करता उन्हाळा आला, पाणी आलं, पुन्हा थंडी आली. आपा दुसरी चिठ्ठी पाठवत नव्हती. जवाब आल्याशिवाय पाठवणं म्हणजे मागणं, आणि मागायचं नसतं, असं त्या पुस्तकात होतं. पण चारच्या गाडीला ती मला रोज स्टँडवर पाठवायची. कारणं वेगळी. दोरा संपला. सुपारी आण. आलुबोंडेवाल्याची चटणी कशी आहे ते पाहून ये. मी रिकामी परत यायचे, ती माझ्या हातांकडं पाहायची, मग सुईकडं.

त्याच काळात जिनिंग बंद पडलं आणि मालक इकडं तिरुपूरला आले. मला बोलावत होते. मी आज येते, उद्या येते करत होते. वर्षभर जिला जवाब नाही तिला सोडून कसं जावं? आणि दोन ओळींचा तो कायदा आमच्यावर काहून लादला होता, तेही मला तेव्हाच कळलं. बाई यवतमाळला गेल्या त्या महिन्यापासूनचा होता तो.

एक दिवस काम नव्हतं. आपानं जुनी वही काढली. पाठवलेली प्रत्येक चिठ्ठी ती त्यात उतरवून ठेवायची. म्हणाली, "शेवटची तुले दाखवतो. माह्या साऱ्या जिंदगीत एवढी चांगली नाही झाली. बाईनं वाचून नाचाले पाहिजे होतं." आणि चष्मा सावरून तिनं वही माझ्यापुढं केली. मी मोठ्यानं वाचलं.

मार्केटात भाव पडला, जो तो त्याचंच बोलते;
तुमच्या भावाचं काय झालं, बाई, मी एवढंच विचारते.

"कशी?" आपा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

मला वाटलं माझंच समजण्यात चुकत असेल. मी पुन्हा वाचलं. मग भीत भीत म्हटलं, "आपा, तुम्ही त्याईच्या भावाचं कायले विचारलं?"

"मंग काय विचारू? तिकडं जाऊन मन बदललं का, माया तीच आहे का. मंडीतला एक भाव, मनातला एक भाव. दोन ओझी! कळलं नाही तुले?"

"ते कळलं जी. पण... भाऊ."

"कोणता भाऊ?"

"त्याईचा भाऊ. भावाचं काय झालं, म्हणजे..."

आपाची सुई तशीच हवेत राहिली. तिनं वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि ओठ हलवत वाचली. एकदा, दोनदा. मग वही मांडीवर पालथी ठेवली आणि भुवईवरचं कापसाचं पुंजकं काढायला हात नेला, आणि तो हात तसाच डोळ्यांवर ठेवून बसली.

"या अल्ला," ती म्हणाली. "तिसरं."

तीन दिवस पडदा उघडला नाही. चौथ्या दिवशी पतंगाचे कागद घेऊन बसली. लिहायची, फाडायची. मला म्हणाली, "मी भावाचं लिहिलं होतं, भावाचं नाही, हे कसं लिहू? लिहिलं की दोन्ही सारखंच दिसून राह्यलं." मी म्हटलं, "भाऊ असं लिहा. तुमचा भाऊ म्हणायचं नव्हतं मले, असं." ती एकदम रागावली. "पुन्हा तोच शब्द त्याईच्या घरात टाकू? ज्याच्यापायी गाव सोडलं तो? एकदा टाकला तेवढा बस नाही झाला?"

मग माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला कळलं आणि मी हातातली सुई खोळीत खोचून ठेवली.

"तू जा. तोंडानं सांग."

दोन ओळींचा कायदा करणारी आपा मला तोंडी निरोप देऊन पाठवत होती. आर्णी येईपर्यंत मी सगळं पाठ केलं आणि आर्णी गेल्यावर विसरले. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याला घर होतं, वरचा मजला. दार बाईंनीच उघडलं. लहानखुऱ्या, पांढरी वेणी, हातावर शाळेतल्यासारखं घड्याळ.

"दिग्रसहून आले जी. आपानं पाठवलं."

त्यांनी आधी माझ्या हातांकडं पाहिलं. "काही दिलंय?"

"नाही जी. तोंडी आहे."

"आपाचा निरोप आणि तोंडी?" दार अर्धंच उघडं होतं, ते तेवढंच राहिलं. "बोल."

मी बोलले. "बाई, आपानं तुम्हाले भावाचं नव्हतं विचारलं. भावाचं विचारलं होतं."

बोलल्यावर मला स्वतःला ऐकू आलं. "म्हणजे भावाचं नाही जी... म्हणजे तो कापसाचा असते तो... तो पण आहे, पण तो नाही... मनातला असते ना, तो..." आणि मला रडू यायला लागलं. एवढ्या लांब पाठवलं तिनं, आणि मी तेच वाक्य पुन्हा दारात आणून टाकलं.

"मनातला?" बाई म्हणाल्या.

"हो जी. तुमचे भाऊ त्याईच्या डोक्यातच नव्हते. ते चार-पाच दिवसांपूर्वी मी सांगितलं तेव्हा त्याईले समजलं."

बाईंनी चौकट धरली. मला वाटलं त्यांना ठसका लागला. पण त्या हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलत होते. बराच वेळ. मग पदरानं डोळे पुसून दार पूर्ण उघडलं. "ये ग आत. अगं, एका शब्दावर दोन ओझी द्या म्हणून मीच शिकवलं त्यांना. आणि तिसरं माझं मीच चढवून बसले."

पाणी दिलं. स्वतः समोर बसल्या. "साऱ्या गावात एकच माणूस होतं ज्यानं मला ते विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. मी यवतमाळला आले तेव्हा इथंही ओळखीचे भेटत, विचारत. तेव्हा मी मनात म्हणायची, असू दे, आपानं नाही विचारलं. आणि त्या दिवशी चिठ्ठी उघडली. पळसाच्या काडीला बांधली होती. वाचली आणि तशीच घडी घातली. म्हटलं, तुम्हीपण का, आपा?"

"जवाब नाही द्यावा वाटला?"

"काय देऊ? जवाबच नव्हता माझ्याजवळ. आजही नाही."

पण त्या उठल्या. मुलाच्या ऑफिसचा एका बाजूनं कोरा कागद घेतला. खिडकीशी उभ्या राहून लिहिलं, न खोडता. घडी घातली आणि इकडंतिकडं पाहायला लागल्या. वरच्या मजल्यावर झाड कुठलं? स्वयंपाकघरात गेल्या आणि कढीपत्त्याची एक काडी घेऊन आल्या. "काय करणार. इथं एवढंच हिरवं आहे," म्हणाल्या आणि मला लाज वाटावी इतक्या नाजूक हातानं ती बांधली.

दिग्रसला चारला पोचते तीच गाडी मला मिळाली. त्या गाडीवरून मी रिकाम्या हातानं परतत नव्हते असं पहिल्यांदाच होत होतं, आणि सगळा रस्ता मी त्या काडीवर हात धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "घरी कढीपत्ता नाही का वो?"

आपा पडद्याबाहेर उभी होती. पडद्याबाहेर. तिनं आधी पानाचा वास घेतला. "फोडणीचं?" म्हणाली आणि तिचं तोंड हसू आल्यासारखं वाकडं झालं. मग वाचलं.

भावाचं अजून कळलं नाही, वाट पाहणं चालू आहे;
तुमचा शब्द उशिरा कळला, भाव होता तोच आहे.

मला वाटलं, आता कागद काढेल. वाळ्यातला सगळ्यात चांगला, हिरवा. मी पेन आणून ठेवला. आपानं चष्मा काढून घडी केला आणि विचारलं, "सकाळची पहिली गाडी कितीले आहे?"

"सातले. पण जवाब?"

"जवाब कायले? मीच जातो."

"पुस्तकात तर बाया कुठंच जात नाहीत जी."

"पुस्तकातल्या बायाईच्या शहरात एस.टी. नव्हती," आपा म्हणाली.

सकाळी ती बुरखा नाही, पडदा नाही, नुसती डोक्यावर ओढणी घेऊन निघाली. स्टँडवर कंडक्टर तिला पाहून उभाच राहिला. इतकी वर्षं तो तिच्या आवाजाला ओळखत होता, तोंड पहिल्यांदा पाहत होता. "आज फांदी नाही का, आपा?" "आज झाडच आलं," ती म्हणाली, आणि गाडी सुटताना खिडकीतून ओरडली, "दूध तापवून ठेव, नाही तर नासेल!"

ती आठ दिवसांनी आली. तोपर्यंत मालकांनी पाठवलेलं माझं तिकीट येऊन पडलं होतं, माझी बांधाबांध सुरू होती. ती दुकानात बसली, अर्धवट रजई मांडीवर ओढली, सुईत दोरा ओवला. मी तिच्यासमोर खोळ घेऊन बसले. तशी मी शेवटचीच बसत होते, हे दोघींनाही माहीत होतं.

"काय बोलल्या बाई?"

"काय बोलणार? अंबाडी निवडली आम्ही."

"आठ दिवस?"

"मंग? सुनेनं पोतंभर आणून टाकली होती. त्या निवडत होत्या, मीही निवडत होती. मधात चहा."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण तोंडातून निघून गेलं. "आणि... भावाचं?" आणि मी जीभ चावली.

आपा रागावली नाही. तिनं टाका घातला, दोरा ओढला, पुन्हा टाका घातला.

"पाच दिवस काहीच नाही," ती म्हणाली. "सहाव्या दिवशी एक किडकं पान बाजूले टाकलं आणि सोताच सुरू झाल्या. तो लहान होता तेव्हापासून. कुठं पडला, कोणती भाजी आवडे, कसा हसे, सारं. लई वेळ सांगितलं."

"मंग तुम्ही काय विचारलं?"

"मी नाही विचारलं काही," आपा म्हणाली. "मी निवडत होती."